सासूबाईंचा गुडघा आणि माझी बैठक

चहा आधी ओतून घ्या. मधेच कुणी उठलं की मला हल्ली चालत नाही, आणि का चालत नाही तेच सांगायचंय. माझ्या हातून आजवर घोळ पुष्कळ झालेत. मित्राच्या लग्नाला म्हणून भलत्याच कार्यालयात जाऊन जेवून आलोय मी, अहेरही देऊन आलोय. पण तो घोळ निदान चालत जाऊन घातला होता. हा घोळ बसल्या जागी घातला. अक्षरशः मांडी घालून.

सुरुवात एका गेमपासून झाली. लगेच हसू नका. बंदुका घेऊन धावायचं, उड्या मारायच्या, तसला गेम नव्हे. याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. मागे चित्र असतं, खाली दोन ओळी मजकूर येतो, तो वाचायचा आणि बोट लावायचं, की पुढच्या दोन ओळी. थोडक्यात, कादंबरीच. फक्त मधेमधे नायक अडतो आणि आपल्याला विचारतो, आता काय करू? आपण सांगू तसं गोष्टीचं वळण बदलतं. घरात मला कुणी विचारत नाही, म्हणून असेल, पण मला हे फार आवडलं.

गोष्ट एका बंदराच्या गावाची. हिवाळ्यात तिथली बोट बंद होते. नायक आपल्या वारलेल्या मामाचं घर बंद करायला तिथे येतो आणि बोटीच्या तिकीट खिडकीवर एक मुलगी असते. तिचे केस निळे. निळे का, ते विचारू नका, या प्रकारात असतात. बस, एवढीच गोष्ट. पण अशी काही लिहिली होती की पहिलं प्रकरण वाचून झाल्यावर मी ऑफिसच्या जिन्यात उगाच उभा राहिलो होतो.

अडचण एकच. प्रकरण मधे सोडता यायचं नाही. सोडलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि एका प्रकरणाला पाऊण तास सहज लागायचा. आता माझ्यासारख्या माणसाने सलग पाऊण तास आणायचा कुठून?

मी बंगळुरूला महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. घरही तिकडेच. आमच्या गच्चीवरून ऑफिस दिसतं. नुसतं दिसतं. पोचायला जो वेळ लागतो त्यात पुण्याहून साताऱ्याला जाता येईल. म्हटलं, कॅबमध्ये वाचू. दुसऱ्या प्रकरणात मुलगी विचारते, संध्याकाळी थांबशील का? मी ‘थांबतो’वर बोट नेतोय, तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली आणि बोट पडलं ‘मला हे गाव कधीच आवडलं नाही’वर. मुलीने खिडकी लावून घेतली. तीन प्रकरणं ती माझ्याशी बोलली नाही. बंगळुरूच्या रस्त्यांनी माणसांची कंबर मोडते हे ऐकून होतो, पण माझा संसारच मोडला.

मग ऑफिसात प्रयत्न केला. फोनवर बोलायला काचेच्या खोल्या असतात आमच्याकडे, त्यात जाऊन बसलो. बाहेर लगेच कुणीतरी लॅपटॉप छातीशी धरून उभं. जेवणाच्या सुट्टीत बसावं तर साहेब ताट घेऊन समोर, आणि संध्याकाळी अमेरिका जागी होते. राहिली सकाळ. आंघोळ झाल्यापासून कॅब येईपर्यंतची. तेवढीच काय ती माझी.

आता घरातली माणसं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी, माझी बायको रश्मी आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या जुन्या बंगळुरातल्या चामराजपेटच्या. पिढ्यान् पिढ्या तिथे. घरात मराठी, पण निम्मी कन्नड मिसळलेली. तिकडच्या घराला चढे जिने, आणि यांचे गुडघे गेलेले, म्हणून आमच्याकडे आणलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजवा गुडघा बदलायलाच हवा, उशीर केला तर चालणं बंद होईल. सासूबाईंचं एकच, “स्वल्प दुखतं एवढंच. मी चालतेय की.” आणि भिंत धरून दोन पावलं टाकून दाखवायच्या. रश्मीने समजावलं, रडली, भांडली. काही उपयोग नाही. एक्स-रे पाहून आपल्याला घाम फुटावा, आणि या म्हणायच्या, “चित्र नीट आलं नाही.”

रश्मी सरकारी संशोधन संस्थेत आहे. प्रयोगशाळेत उंदरांनाही ऐकायला लावते, घरात आईपुढे हात टेकलेले.

तर सकाळ. सोफ्यावर सासूबाई पाय पसरून, बेडरूममध्ये रश्मीची इस्त्री आणि फोन, जेवणाच्या टेबलावर कामवाल्या बाई भाजी निवडताहेत. मोकळा प्लग घरात एकच, देवघरापाशी. माझ्या फोनची बॅटरी अशी, की तार काढली की जीव जातो. मग मी तिथेच बसलो. फरशी गार म्हणून खाली चटई घेतली. नुकती आंघोळ झालेली. समोर समई, सासूबाईंनी लावलेली. मांडी घातली, फोन मांडीवर, मान खाली, ओठ हलताहेत. मी वाचताना ओठ हलवतो, शाळेपासूनची खोड आहे.

सासूबाई भिंत धरत आल्या. “पोथी होय?”

नेमका त्या वेळी नायक अडलेला. उत्तर द्यायला थोडेच क्षण होते, पडद्यावर रेघ सरकत होती. मी एक हात वर केला, थांबा म्हणून, आणि मान हलवली.

तुम्हीच सांगा, मी खोटं बोललो का? मी बोललोच नाही.

सासूबाई पाऊल न वाजवता मागे गेल्या. आत मिक्सर बंद झाला. टीव्हीचा आवाज गेला. कामवाल्या बाई दबक्या आवाजात बोलायला लागल्या. एवढी शांतता आमच्या घरात मी कधी ऐकली नव्हती. मी प्रकरण संपवलं, उठलो, तर हातात गरम दूध. वर वेलची. आता असं असताना उगाच खुलासा करत बसायचा तो कशाला? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथेच बसलो. तिसऱ्या दिवशी चटईच्या जागी लोकरीचं आसन होतं.

पुढच्या काही दिवसांत जेवणात फरक जाणवू लागला. आमटीत काहीतरी कमी. भाजीला चव नाही. मग लक्षात आलं, घरात कांदा नाही. लसूण नाही. सकाळी भोपळा, रात्री दुधी, मधे काकडी. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “हे संपेपर्यंत कांदा-लसूण बेडा. बाहेरचं काही खायचं नाही. डबा देते.”

बेडा म्हणजे नको. त्या आठवड्यात आमच्या टीमची बिर्याणी होती. सगळे हंडीभोवती, आणि मी कोपऱ्यात भोपळा घेऊन.

रश्मीने मला बाल्कनीत गाठलं. “तू पारायणाला बसलायस?”

“मी असं म्हटलेलं नाही.”

“मग काय म्हटलंस?”

“काहीच नाही.”

“हं. म्हणजे आई पोथी समजतेय आणि तू तिकडे ती निळी बया वाचतोयस. देवासमोर बसून.”

“प्लग तिथे आहे गं.”

“मी आत्ता जाऊन सांगते तिला. मला कांदा हवाय.”

ती आत गेली. दार लोटलेलं. दोघींची कुजबुज बराच वेळ चालली. मधे सासूबाईंचा आवाज चढला, मग एकदम खाली आला, मग नाक ओढल्याचा आवाज. मला वाटलं, झालं, आता जावई म्हणून जी काय उरलीसुरली इज्जत आहे ती गेली. रश्मी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा काही विचित्रच होता. लॉटरी लागलेल्या माणसाने ती कुणाला दिसू नये म्हणून करावा तसा.

“आई ऑपरेशनला तयार झाली,” ती म्हणाली.

“काय?”

“तू बसलायस म्हणून.”

जो माणूस निळ्या केसांच्या मुलीची समजूत घालायला बसला होता, त्याच्यामुळे सासूबाई ऑपरेशनला तयार? म्हणजे त्यांना वाटत असणार की मी त्यांच्या गुडघ्यासाठी पारायण मांडलंय.

“मला सांगितलं पाहिजे रश्मी. हे बरं नाही. श्रद्धेचा प्रश्न आहे.”

“सांग की. तू उठलास की ती मागे हटेल. मी तिला ओळखते. मग पुढच्या वर्षी व्हीलचेअर आण, आणि ढकल तूच.” मग आवाज उतरवून म्हणाली, “हे बघ, डॉक्टरांची तारीख मी आजच घेते. तेवढे दिवस तू रोज बसायचं. एक दिवस चुकवायचा नाही. माझ्यासाठी.”

माझ्यासाठी म्हटल्यावर काय बोलणार? तिचे डोळे खरंच भरले होते. गेली दोन वर्षं तिने आईला एकेक पायरी उतरताना पाहिलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, बसतो. नाहीतरी मला गेमच खेळायचा होता.

आणि इथे माझी फजिती सुरू झाली. कारण गेम खेळायला वेळ चोरणं वेगळं, आणि गेम खेळण्याची सक्ती असणं वेगळं. रविवार नाही, सुट्टी नाही, सर्दी-पडसं नाही. ठरल्या वेळी आसनावर. सासूबाईंनी दाढी करायलाही मना केलं, “आता मधे ब्लेड बेडा हातात,” म्हणाल्या. निजायला जमिनीवर चटई. ऑफिसात लोक माझ्याकडे बघून आवाज खाली करायला लागले. साहेबांनी एकदा खांद्यावर हात ठेवून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, सासूबाईंचं ऑपरेशन आहे. ते म्हणाले, हो हो, कळलं मला, तुम्ही जपा.

कळलं कसं, तर तेही ऐका. एका सकाळी मी आसनावर असताना ऑफिसात काहीतरी कोसळलं. फोन वाजायला लागला. मी उचलणार, तेवढ्यात सासूबाईंनी भिंतीवरून हात काढून माझ्या हातातून फोन घेतला, तारेसकट कानाला लावला आणि साहेबांशी कन्नडात बोलायला लागल्या. माझं कन्नड म्हणजे ऑटोवाल्यापुरतं. उजवीकडे, डावीकडे, थांबा. त्यामुळे कळलं एवढंच, की बरंच बोलल्या, मधे आवाज जड झाला, आणि शेवटी “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणून फोन परत दिला. “बसा तुम्ही. साहेब सांभाळून घेतील. उठायचं नाही म्हणालेत.”

माझ्या सात वर्षांच्या नोकरीत कोसळलेलं काम माझ्याशिवाय कुणी सांभाळून घेतल्याची ही पहिलीच वेळ. मी मनात म्हटलं, श्रद्धेत ताकद असते बुवा.

दरम्यान गेम संपला. हो, संपला. ऑपरेशन अजून लांब होतं आणि गेम संपून गेला. तोही वाईट संपला. शेवटची बोट निघाली, मी बोटीत, ती धक्क्यावर. पडद्यावर अक्षरं आली, याहून वेगळा शेवटही शक्य आहे. मग काय, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला ती बोटीत, मी धक्क्यावर. तिसऱ्या खेपेला बोटच आली नाही. चौथ्या खेपेपर्यंत त्या गावातल्या मांजरीचं नावही पाठ झालं होतं आणि मला त्या बंदराचा, त्या खिडकीचा आणि त्या निळ्या केसांचा मनस्वी कंटाळा आला होता. मांडी घालून पायाला मुंग्या यायच्या. मी आसनावर बसून कॅबची वाट बघायचो, ऑफिसला जाण्यासाठी. यावरून ओळखा.

मी रश्मीला म्हटलं, “निदान मी डोळे मिटून बसू का?”

“वाच,” ती म्हणाली. “ओठ हलले पाहिजेत.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी समाप्ती ठरली. मी म्हटलं, घरच्या घरी नैवेद्य दाखवू. पण सासूबाईंनी चामराजपेटला फोन केला होता. सकाळीच सरोजाक्का हजर. सरोजाक्का म्हणजे सासूबाईंच्या लहानपणापासूनच्या शेजारीण. तिकडे कुणाला कावीळ झाली, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची सून बोलत नाही, सगळ्यावर यांचं औषध असतं. मॅजेस्टिकला मेट्रो बदलून त्या आल्या, हातात चिकपेटच्या साडीदुकानाची पिशवी, तिच्यात फुलं आणि अंगारा, आणि मागे आणखी चार बायका. चौघींनी दारातून माझ्याकडे पाहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं. माझी वाढलेली दाढी, उतरलेला चेहरा. मला वाटलं, तेज दिसत असेल.

“अय्यो, किती वाळलेत हो,” सरोजाक्का म्हणाल्या. “बसा, बसा. उठू नका. आज मोठ्यानं वाचा की स्वल्प. आम्हीही ऐकतो.”

मोठ्यानं? मी रश्मीकडे पाहिलं. ती अतिशय मन लावून फुलं निवडत होती.

सहा बायका समोर बसल्या. सासूबाई खुर्चीवर, पाय स्टुलावर. समई लावलेली. काय करणार? फोन उघडला. शेवटचं प्रकरण. इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर, आणि तोंडाने आजोबा वाचायचे तशी चाल धरली.

“मग नायक काय करी, मामाचे घर बंद करी, किल्ली ठेवोनि खिशाभीतरी, धक्क्यावरी पातला…”

बायकांनी हात जोडले. मला जरा हुरूप आला.

“थंडी पडली अपार, बोट ती उभी समोर, खिडकीत बैसली पोर, न बोले काही…”

“कुणाची पोर?” एकीने विचारलं.

“बुकिंग क्लार्क,” मी म्हटलं. चाल सुटली, पुन्हा धरली. आणि मग पडद्यावर तो शेवटचा अडसर आला. नायक थांबला. तीन पर्याय. न बोलता बोटीत चढ, पुढच्या वर्षी येतो म्हण, किंवा हातातली पिशवी खाली ठेव. पहिले दोन मी दर वेळी आलटूनपालटून वापरले होते. तिसऱ्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. पिशवी खाली ठेवून काय होणार? कामाच्या माणसाने असल्या गोष्टीत वेळ घालवू नये.

मी गप्प झालेला बघून सरोजाक्का अगदी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाल्या, “का थांबलात? काय झालं पुढं?”

“पुढचं ठरायचंय,” मी म्हटलं. “तो बोटीत बसेल, किंवा पुन्हा येतो म्हणेल, किंवा पिशवी खाली ठेवेल.”

मला वाटलं आता उठून जातील. छे. त्या सरसावून बसल्या. एक म्हणाली, बसू दे बोटीत, थंडीचं कशाला थांबायचं. दुसरी म्हणाली, पोरीच्या घरचे कोण आहेत ते आधी विचारा. तिसरी म्हणाली, पुढच्या वर्षी येतो म्हणणारा कधी येत नाही, माझ्या दिराचं बघा की. शेवटी सासूबाई बोलल्या.

“पिशवी खाली ठेवू दे त्याला. माणूस पिशवी हातात धरून बोलतो तोवर तो आलेलाच नसतो.”

मी पिशवी खाली ठेवली. आणि काय सांगू, गोष्ट उलगडली. मुलीने खिडकी लावून घेतली, पण या खेपेला बाहेर येऊन. मामाच्या घराचं कुलूप उघडलं, शेगडी पेटवली, चहा ठेवला. बाहेर रिकामी बोट निघून गेली. चार वेळा डोकं आपटून जो शेवट मला मिळाला नव्हता, तो सासूबाईंनी एका वाक्यात काढून दिला. मी वाचता वाचता रडलो. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडलो. इतक्या दिवसांचा भोपळाही त्यात असेल, पण रडलो.

सरोजाक्का उठल्या, माझ्या कपाळाला अंगारा लावला, डोक्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी पुटपुटल्या. मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, “झालं. आता काळजी करू नको.” सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी भारावून गेलो. म्हटलं, आपण आळशी माणूस, गेमला बसलो, पण या बाईला केवढा धीर मिळाला आपल्यामुळे.

ऑपरेशन छान झालं. आत नेताना सासूबाईंनी माझा हात धरला होता, सोडायला तयार नव्हत्या, आणि तरी मलाच म्हणाल्या, “तुम्ही घाबरू नका.” मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. चार दिवसांत वॉकर धरून चालायला लागल्या. घरी आल्या. रश्मीने त्याच संध्याकाळी कांदे आणले आणि भजी तळायला घेतली.

आता माझ्या मनात पाप होतं. एवढी भाबडी बाई, आपल्यावर विश्वास ठेवून कापून घेतलं, आणि आपण? काम झालं होतं, नवा गुडघा बसला होता, आता सांगायला हरकत नव्हती. मी त्यांच्या पलंगापाशी खुर्ची ओढली. चेहरा शक्य तितका थोर केला.

“आई, एक सांगायचंय. रागावू नका. मी जी वाचत होतो ती पोथी नव्हती.”

“ठाऊक आहे की,” सासूबाई म्हणाल्या आणि भजं उचललं.

“ठाऊक आहे?”

“पहिल्या दिवशी वाटली पोथी. दुसऱ्या दिवशी मागून बघितले. पोथीत निळ्या केसांची पोरगी असते होय? ती हसत होती आणि तुम्ही तिला ‘रागावू नकोस गं’ म्हणत होता. देवासमोर बसून. मी तश्शी सरोजाक्काला फोन केला.”

“मग कांदा-लसूण?”

“सरोजाक्का म्हणाली, डोकं तापलेलं असलं की तामसी काही देऊ नये. भोपळा थंड. आणि ब्लेड तर हातात द्यायचंच नाही म्हणाली. तिच्या भाच्याला असंच झालं होतं, कंप्यूटरवालाच तो पण. तुमच्या साहेबांनाही मी सगळं सांगितले. भला माणूस. म्हणाला, जपा त्यांना, कामाचं मी बघतो.”

“आई, तो गेम होता. नुसता गेम.”

“हो, हो,” सासूबाई समजुतीने म्हणाल्या. “रश्मी म्हणाली, तुझ्या गुडघ्याचं मनाला लावून घेतलंय त्यानं, ऑपरेशन झालं की उठेल. मग मी काय करणार? मला भीती वाटत होती हो फार. भूल दिलेलं माणूस उठतच नाही असं वाटायचं. पण पोरीचा नवरा असा रोज देवासमोर बसून त्या निळ्या पोरीच्या चित्राशी बोलतोय, आणि मी गुडघा धरून बसू? तुम्ही उठावं म्हणून मी कापून घेतले.”

मी वळून रश्मीकडे पाहिलं. ती झाऱ्याने भजी उलटत होती.

“मी दोघांशीही खोटं बोलले नाही,” ती पाठमोरीच म्हणाली. “ज्याला जे वाटत होतं ते वाटू दिलं.”

म्हणजे इतके दिवस या घरात दोन माणसं एकमेकांसाठी त्याग करत होती, एक आसनावर आणि एक ऑपरेशनच्या टेबलावर, आणि त्यातला खरा त्याग कुणाचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला फार लाज वाटली. आणि लाजेहून जास्त, त्या म्हातारीवर एकदम माया आली. पुन्हा डोळे भरून आले.

ते बघून सासूबाईंनी घाईने बशी बाजूला ठेवली, वॉकरला हात घातला, दुखऱ्या पायावर भार देऊन उठल्या, आणि माझ्या कपाळावर तळवा ठेवून ताप बघतात तसा बघितला.

“आता बरं वाटतंय ना तुम्हाला?”

गुडघ्यात टाके त्यांच्या होते आणि विचारत मला होत्या. काय सांगणार? मी म्हटलं, “हो आई. आता बराच फरक आहे.”